एका पॉइंटने हुकलेला सीझन : आयोवा प्री-फ्लाइट, १९४३

मक्याचं_शेत

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षं आयोवा सिटीत राहते. सध्या सासरे सांगलीहून आलेत, त्यांना घेऊन रोज संध्याकाळी स्टेडियमच्या बाजूने चक्कर असते. बाहेर नाईल किनिक या जुन्या फुटबॉलपटूचा पुतळा आहे. खांद्यावर जॅकेट, हातात पुस्तकं आणि पायाशी हेल्मेट. मॅचच्या दिवशी टीम आत जाताना एकेक खेळाडू त्या हेल्मेटला हात लावून जातो, आपण देवळाच्या पायरीला लावतो तसा. बाबांनी विचारलं हा कोण, कशाने गेला? आणि उत्तर नीट देता यावं म्हणून मी वाचायला बसले ती दोन आठवडे वाचतेच आहे.

तर त्या वाचनात सापडलेला विषय असा. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने वैमानिक तयार करायला चार विद्यापीठांत प्री-फ्लाइट स्कूल्स उघडली. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, कॅलिफोर्नियातलं सेंट मेरीज आणि आमचं आयोवा. विमानाला हात लावायच्या आधी मुलांना इथे साधारण तीन महिने घासूनपुसून काढायचे, आणि त्या शिक्षणात फुटबॉल (अमेरिकन, लांबट चेंडूवाला), बॉक्सिंग, कुस्ती, पोहणं सगळं सक्तीचं. त्याशिवाय स्कूलची एक मोठी टीम होती, सीहॉक्स नावाची, ती मोठमोठ्या विद्यापीठांशी खेळायची. १९४३ च्या सीझनमध्ये ही टीम दहापैकी नऊ मॅचेस जिंकली आणि एकच हरली, नोत्र दाम विद्यापीठाशी, १४-१३. एका पॉइंटने! वर्षाच्या शेवटी देशाच्या रँकिंगमध्ये दुसरा नंबर.

माझा प्रश्न असा की बाहेर एवढं युद्ध पेटलेलं, पेट्रोल रेशनवर, टायर मिळत नाहीत, आणि नौदल फुटबॉलची टीम घेऊन गावोगाव फिरतंय. हे खरंच शिक्षण होतं की हौस? मला स्वतःला ते शिक्षण वाटतं, पण तुमचं मत ऐकायचंय.

कोल्हापुरी_ठसका

सीहॉक्स तर सिएटलचे ना? माझा मुलगा त्यांचा निळा टी-शर्ट घालून झोपतो सुद्धा.

स्कोअरबुक

ठसकाभाऊ, सिएटलची टीम १९७६ ला सुरू झाली, हे सीहॉक्स त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधीचे. फक्त तीन सीझन खेळले. १९४२ ला ७-३ (सात जिंकल्या, तीन हरल्या), १९४३ ला ९-१, १९४४ ला १०-१. म्हणजे ३१ मॅचेसमध्ये फक्त ५ हार. आणि तिन्ही वर्षं कोच वेगळा! पहिल्या वर्षी बर्नी बीअरमन, मग डॉन फॉरो, मग जॅक मेहर.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. बीअरमनने मिनेसोटा विद्यापीठाच्या टीमला १९४० आणि ४१ ला राष्ट्रीय विजेते केलं होतं. १९४२ ला सीहॉक्स घेऊन तो त्याच मिनेसोटासमोर उभा राहिला आणि ७-६ ने जिंकला. पुढच्या वर्षी फॉरो आला, तो मिझुरीचा कोच, त्याने मिझुरीला २१-६ ने हरवलं. दोघांनी आपापल्या हाताने वाढवलेल्या पोरांना हरवलं हो. मला तर वाचताना त्या मुलांचं वाईट वाटलं.

त्रयस्थ

धागा चांगला आहे पण ताईंच्या मताशी मी सहमत नाही. नोत्र दामची ती मॅच २० नोव्हेंबर १९४३ ची. त्याच दिवशी पॅसिफिकमध्ये तरावा बेटावर मरीन्स उतरले. ७६ तासांत हजारावर अमेरिकन सैनिक मेले, कित्येक जण तर किनाऱ्यापर्यंतही पोचले नाहीत, लँडिंगच्या होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि पोरं छातीएवढ्या पाण्यातून गोळ्या झेलत चालत गेली. आणि इकडे त्याच वयाचे, त्याच नौदलाचे तगडे गडी स्टेडियममध्ये खेळतायत, प्रेक्षक टाळ्या वाजवतायत. याला शिक्षण म्हणणं मला जड जातं. ज्याचा मुलगा तरावाला गेला त्या आईला काय वाटलं असेल?

स्कोअरबुक

तारखेबद्दल थोडंसं. तरावा तारीखरेषेच्या पलीकडे आहे. तिथे २० ला सकाळी मरीन्स उतरले तेव्हा अमेरिकेत अजून १९ तारीख होती. मॅच चालू असताना तिथे २१ ची सकाळ, म्हणजे लढाईचा दुसरा दिवस. तुमचा मुद्दा याने कमी होत नाही, उलट लढाई ऐन भरात असताना मॅच झाली.

जुना_कॅडेट

त्रयस्थ, तुमची तळमळ पोचली. पण मी खडकवासल्याला एनडीएत होतो, तिथून पुढे फौजेत, त्यामुळे जरा माझंही ऐका.

पहिल्या टर्ममध्ये आम्हाला बॉक्सिंग सक्तीचं. मी साताऱ्याच्या शाळेत कायम पहिल्या बाकावर बसणारा मुलगा, आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती. रिंगमध्ये समोर एक हरयाणाचा गडी, माझ्यापेक्षा वीतभर उंच. पहिल्या मिनिटात नाकावर बसला. डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, रडत नसताना सुद्धा, आणि त्या पाण्यातून समोरचा धूसर दिसतो, रक्ताची चव तोंडात येते, आणि स्क्वाड्रनची सगळी पोरं आपलं नाव घेऊन ओरडत असतात. त्या क्षणी दोनच गोष्टी सुचतात, खाली बसावं नाहीतर हात वर घ्यावेत. मी हरलो, पण हात वर ठेवून हरलो. पुढे अठरा वर्षांनी एका रात्री, जागा सांगत नाही, अगदी तशीच वेळ आली तेव्हा डोकं शांत राहिलं, आणि ते कुठून आलं हे मला तेव्हाच कळलं.

नौदलाचा तो कार्यक्रम टॉम हॅमिल्टन नावाच्या अधिकाऱ्याने आखला होता. तो स्वतः नेव्हल अकॅडमीचा खेळाडू आणि नंतर तिथलाच कोच. त्याचं म्हणणं हेच की वैमानिक एकटा असतो, दमलेला असतो, मार बसलेला असतो आणि तरी त्याला सेकंदात निर्णय घ्यायचा असतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही. ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर : शिक्षण.

वैनगंगा

काका, वाचताना अंगावर काटा आला.

त्रयस्थ

काका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण एक फरक करा. प्रत्येक कॅडेटला बॉक्सिंग देणं वेगळं आणि निवडक तयार खेळाडूंची टीम करून हजारो लोकांपुढे खेळवणं वेगळं. सीहॉक्समध्ये प्रोफेशनल लीगमधून आलेले लोक होते. त्यांना कसली हिंमत शिकवायची होती? पहिली गोष्ट मला मान्य आहे, दुसरी नाही.

शीतल_ओमाहा

त्रयस्थ यांचा हा फरक मला महत्त्वाचा वाटतो आणि गंमत म्हणजे तेव्हा अमेरिकन सरकारमध्येच यावर दोन तट होते. लष्कराने ज्या मुलांना आपल्या कार्यक्रमात कॉलेजात शिकायला ठेवलं होतं त्यांना कॉलेजच्या टीममधून खेळायला बंदी केली, वेळ नाही म्हणून. नौदलाने आपल्या व्ही-१२ च्या (कॉलेजात शिकवून अधिकारी घडवायचा त्यांचा कार्यक्रम) मुलांना परवानगी दिली. म्हणजे एकाच देशाची दोन दलं, एकाच वर्षी, अगदी उलट निर्णय.

परिणाम किती विचित्र झाला बघा. ओहायो स्टेट १९४२ ची राष्ट्रीय विजेती, पण तिथे लष्कराचा कार्यक्रम, म्हणून १९४३ ला त्यांच्याकडे फक्त सतरा-अठरा वर्षांची पोरं उरली. लोक त्यांना ‘बेबी बकाइज’ म्हणायचे. सीहॉक्सने त्यांना २८-१३ ने हरवलं. उलट पर्ड्यूमध्ये नौदल आणि मरीन्सची मुलं, तिथे इलिनॉयचा ॲलेक्स अगासे येऊन खेळला आणि पर्ड्यू एकही मॅच हरली नाही. विस्कॉन्सिनचा हीरो एलरॉय हर्श मिशिगनकडून खेळायला लागला. अलाबामा, टेनेसी, स्टॅनफर्ड यांनी तर त्या वर्षी टीमच उतरवली नाही. कोण कुठे खेळणार हे कोच नाही, ट्रान्सफर ऑर्डर ठरवत होती.

कोल्हापुरी_ठसका

म्हणजे आपल्याकडे बदलीची ऑर्डर आली की ऑफिसची क्रिकेट टीम फुटते तसंच. आमच्या सांगली ब्रँचचा एकुलता एक फास्ट बोलर लातूरला गेला आणि आम्ही सलग तीन वर्षं पहिल्या राउंडला घरी.

बाराखडी

मला खेळातलं काही कळत नाही पण वाचतेय. १४-१३ हे कसं होतं? सातच्या पटीत का?

स्कोअरबुक

बाराखडीताई, सोपं आहे. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात शिरलं की टचडाऊन, त्याचे ६. मग बक्षीस म्हणून एक किक, खांबांच्या मधून गेली की १. म्हणून बहुतेक वेळा ७.

त्या दिवशी दोन्ही टीम्सनी दोन-दोन टचडाऊन केले. आधी सीहॉक्स ७-० पुढे, मग नोत्र दामने ७-७ केलं, मग सीहॉक्स पुन्हा शिरले, १३-७, आणि जादा पॉइंटची किक चुकली. नंतर नोत्र दामचा टचडाऊन, त्यांची किक मात्र गेली. संपलं. एवढी धक्काबुक्की, एवढी पळापळ, आणि देशातला पहिला नंबर कोणाचा हे एका किकवर ठरलं. मॅचच्या आधी नोत्र दाम पहिल्या आणि सीहॉक्स दुसऱ्या नंबरावर होते हे लक्षात घ्या.

आणि पुढचं तर याहून भारी. बरोबर आठवड्याने, २७ नोव्हेंबरला, नोत्र दाम ग्रेट लेक्स या शिकागोजवळच्या दुसऱ्या नौदल केंद्राच्या टीमकडून हरली, १९-१४! शेवटचा अर्धा मिनिट उरला असताना स्टीव्ह लाखने लांब पास टाकला, पॉल अँडरसनने तो घेतला आणि आत गेला. त्याच दिवशी सीहॉक्सने मिनेसोटाला ३२-० ने धुतलं. आता दोघांची एकेक हार. तरी पत्रकारांच्या मतदानात नोत्र दाम पहिली आणि सीहॉक्स दुसरे. माझ्या मते हा अन्याय आहे. टीम फौजेची म्हणून मतं कमी पडली असणार.

शीतल_ओमाहा

नाही हो, अन्याय कसला? समोरासमोर तुम्ही हरलात ना. शिवाय नोत्र दामचं वेळापत्रक बघा, मिशिगन ३५-१२, नेव्ही ३३-६, आर्मी २६-०, नॉर्थवेस्टर्न २५-६, ही सगळी तेव्हाची नावाजलेली. आणि हे सगळं करताना त्यांचा स्टार क्वार्टरबॅक (चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा गडी) अँजेलो बर्टेली सहा मॅचेसनंतर मरीन्सच्या ट्रेनिंगला गेला. त्या सहा मॅचेसवरच त्याला त्या वर्षीचं हाइजमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस, मिळालं. त्याच्या जागी जॉनी लुजॅक आला, अठरा वर्षांचा पोरगा. सीहॉक्सच्या मोठ्या माणसांसमोर तो पोरगा खेळला आणि जिंकला. मी नेब्रास्कात राहते, नोत्र दामबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण पहिला नंबर त्यांचाच.

स्कोअरबुक

मान्य नाही, पण मुद्दा बिनतोड आहे. :)

वैनगंगा

अवांतर : युद्धकाळातला खेळ म्हटलं की मला रणजीची १९४५ ची फायनल आठवते, आजोबांनी ब्रेबॉर्नवर पाहिली होती. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन तेव्हा फौजेत महूला होता, म्हणून तो होळकर संघाकडून खेळला, सी. के. नायडूंच्या कप्तानीखाली, मुंबईविरुद्ध. ८६७ करायचे होते आणि कॉम्प्टन २४९ नाबाद! होळकर हरले तरी आजोबा नव्वदीपर्यंत त्या खेळीबद्दल सांगायचे, मुंबई जिंकली हे सांगायला विसरायचे.

स्कोअरबुक

वा! वैनगंगा, काय आठवण काढलीत. ३७४ धावांनी हरले होळकर, पण नाव राहिलं कॉम्प्टनचं. १९४३-४४ ला तर विजय मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध ३५९ नाबाद केले. युद्धामुळे इंग्लंडमधली काउंटी चॅम्पियनशिप बंद होती आणि आपल्याकडे रणजी चालू होती. यावर वेगळा धागा काढा, मी पानंच्या पानं लिहीन.

मक्याचं_शेत

सगळ्यांचे आभार, वाचून बाबा खूश आहेत, त्यांना रात्री जेवण झालं की मोठ्याने वाचून दाखवते. जुना_कॅडेट काकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

त्रयस्थ, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. निवडक टीमचा उपयोग काय? एक उत्तर मला सापडलं, ते पटतं का बघा. टीममधली बरीच माणसं तिथले शिक्षक होती, दिवसभर ती कॅडेट्सना हेच खेळ शिकवायची. आणि फॉरोने तिथे जे शिकवलं ते मैदानाबाहेरही गेलं. त्याने १९४१ ला मिझुरीत स्प्लिट-टी नावाची रचना शोधली होती. नेहमीच्या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळा होतो. स्प्लिट-टीत पुढची फळी अंतर ठेवून, विरळ उभी राहते, क्वार्टरबॅक त्या फळीमागून आडवा पळतो आणि समोरच्या टोकाच्या एका गड्याला मुद्दाम कोणी अडवतच नाही. तो गडी क्वार्टरबॅकवर धावला तर चेंडू मागच्या साथीदाराकडे, तो साथीदाराकडे वळला तर क्वार्टरबॅक स्वतःच आत घुसतो. म्हणजे त्या एकट्याला दोघांपैकी एकच पकडता येतो, आणि तो जे करेल ते चूक. फॉरो कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, दोघांनी मिळून एकाला चकवायचं हे त्याने तिथून उचललं. हूल देण्याचंच शास्त्र, पण हूल कधी द्यायची ते समोरच्याकडे बघून अर्ध्या क्षणात ठरवायचं. जुना_कॅडेट काका म्हणाले तेच ना हे?

१९४३ ला फॉरोच्या हाताखाली दोन तरुण सहायक होते, जिम टेटम आणि बड विल्किन्सन. दोघांनी ही रचना तिथे शिकली. युद्ध संपल्यावर विल्किन्सन ओक्लाहोमाला गेला आणि १९५३ ते ५७ मध्ये त्याच्या टीमने सलग ४७ मॅचेस जिंकल्या. टेटमने मेरीलँडला १९५३ चं विजेतेपद दिलं. १ जानेवारी १९५४ ला ऑरेंज बोल नावाच्या मॅचमध्ये हे दोघे गुरुबंधू समोरासमोर आले, विल्किन्सन ७-० ने जिंकला.

शीतल_ओमाहा

आणि ती ४७ ची माळ कोणी तोडली माहितेय का? नोत्र दामने! १९५७ ला, ७-० ने.

स्कोअरबुक

शीतलताई, तुम्ही माझ्या जखमेवर मीठ चोळायलाच आलात.

कोल्हापुरी_ठसका

पण बिचाऱ्या फॉरोचं काय? वस्तादाने सगळे डाव शिकवले. आमच्याकडे तालमीत म्हणतात, वस्ताद एक डाव राखून ठेवतो.

मक्याचं_शेत

ठसकाभाऊ, त्याने राखला नाही! युद्धानंतर तो मिझुरीला परत गेला आणि वर्षानुवर्षं ओक्लाहोमाकडून हरत राहिला, आपल्याच डावाने. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. युद्ध चालू होतं, ही पोरं उद्या असतील का नसतील माहीत नाही, अशा वेळी लपवून काय ठेवायचं.

त्रयस्थ

ताई, हे वाचून मी थोडा हललो, खोटं कशाला बोलू. विल्किन्सन पुढे एंटरप्राइज या विमानवाहू जहाजावर गेला होता हेही वाचलं. म्हणजे टीममधले लोक स्टेडियममध्ये लपून बसले होते असं नाही, त्यांची पाळी यायची होती. फक्त तरावाच्या आईचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

आणखी एक कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ही प्री-फ्लाइट स्कूल्स गोऱ्यांची होती. नॉर्थ कॅरोलिनाच्या स्कूलमध्ये कृष्णवर्णीय तरुण होते ते बँड वाजवायला, आणि त्यांनाही राहायला जागा कॅम्पसच्या बाहेर. त्याच स्कूलमध्ये जेराल्ड फोर्ड, पुढचे राष्ट्राध्यक्ष, खेळ शिकवायला होते. ‘प्रत्येकाला मैदानावर हिंमत शिकवतो’ म्हणताना कोणाला वगळलं हे पण मोजा. १९४५ ला ग्रेट लेक्सच्या टीमकडून मॅरियन मोटली खेळला, कृष्णवर्णीय, आणि त्या टीमने नोत्र दामला ३९-७ ने लोळवलं.

जुना_कॅडेट

त्रयस्थ, हा मुद्दा अगदी रास्त आहे आणि मी तो विसरलो होतो. आईचा प्रश्नही धरून ठेवा. प्रत्येक फौजेला तुमच्यासारखा एक माणूस बाहेर लागतो.

बाराखडी

पण किनिकचं राहिलं की! तो याच सीहॉक्समध्ये होता का? सांगलीच्या आजोबांना उत्तर मिळालं का?

मक्याचं_शेत

नाही बाराखडी, तो सीहॉक्समध्ये नव्हता. तो त्याआधीचा, आयोवा विद्यापीठाचा, १९३९ चा हाइजमन विजेता. पर्ल हार्बरच्या अगदी काही दिवस आधी तो नौदलाच्या विमानदलात रुजू झाला. २ जून १९४३ ला लेक्सिंग्टन जहाजावरून सरावासाठी वाइल्डकॅट विमान घेऊन उडाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ, आणि इंजिनातून तेल गळायला लागलं. त्याने विमान समुद्रात उतरवलं. मदत पोचली तेव्हा तो दिसला नाही, देहही मिळाला नाही. चोवीस वर्षांचा होता.

आणि चारच महिन्यांनी त्याच्याच मैदानावर सीहॉक्स खेळत होते. ९ ऑक्टोबरला आयोवा विद्यापीठाला त्यांनी २५-० ने हरवलं. तीच हिरवळ, त्याच बाकांवर तेच गाववाले, खाली नौदलाची वैमानिक होणारी पोरं. हे जेव्हा मला जुळलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बाहेर जाऊन उभी राहिले. त्या लोकांना हौस वाटली असेल का हो? मला नाही वाटत. त्यांना प्रत्येक कॅडेटमध्ये तो दिसत असणार. स्टेडियमला त्याचं नाव मात्र फार उशिरा, १९७२ ला दिलं.

काल बाबांना हे सगळं चालता चालता सांगितलं. पाऊस पडून गेला होता. ते काही बोलले नाहीत, चप्पल बाजूला काढली, पुतळ्याजवळ गेले, त्या हेल्मेटला हात लावला आणि ओला हात तसाच ठेवून थोडा वेळ उभे राहिले. शनिवारची दोन तिकिटं काढलीयेत. इथल्या मॅचेसना टॉसच्या नाण्यावर किनिकचा चेहरा असतो, तो बाबांना मोठ्या स्क्रीनवर बघायचाय.

कोल्हापुरी_ठसका

आजोबांना आमचा नमस्कार सांगा. थंडी असेल तर कानटोपी न्या, आणि टॉस कोणी जिंकला ते इथे लिहा.